जेवलो की, मिटलं

आमच्या गडमुडशिंगीत भांडण मिटवायची एक रीत आहे. ज्याच्याशी बिघडलं त्याला घरी बोलवायचं आणि पोटभर जेवू घालायचं. बांधावरून डोकी फोडून घेतलेली माणसं मी आमच्याच सोप्यात एका पंगतीला बसलेली बघितलीत. पाहुण्यानं रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला की मिटलं. या रीतीचं मला लहानपणापासून कौतुक होतं. आता तिचं नाव काढलं तरी राग येतो.

माझा धाकटा भाऊ पोलीस भरतीत निवडला गेला, तेव्हा मी लग्न होऊन कसबा बावड्याला आले होते. पहाटे पळून पळून त्यानं पायांची पार वाट लावून घेतली होती. यादीत नाव आलं आणि मित्रांनी मळ्यात जेवण ठेवलं. आमच्याकडं जेवण म्हणजे मटण, आणि पोरांच्या मटणाबरोबर आणखी काय असतं ते सांगायला नको. हा कधी पीत नव्हता. "आता सायेब झालास, आज न्हाय म्हणायचं न्हाय," म्हणून त्याला पाजली. प्यायल्यावर मोटरसायकल चालवू नये एवढं शहाणपण मात्र सगळ्यांना सुचलं, आणि ते सिटी बसमध्ये चढले.

बसमध्ये तो ओकला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, मागं आला आणि खाली उतर म्हणाला. "मला उतर म्हणतोस? मी कोण हाय म्हाईत हाय का?" असं म्हणून आमच्या होऊ घातलेल्या साहेबानं त्याची गचांडी धरली आणि कानाखाली दिली. ओढाताणीत ड्रायव्हरच्या खाकी शर्टाचा खिसा फाटला. मारहाण आणि सरकारी कामात अडथळा, असा गुन्हा दाखल झाला. ज्या खाकीसाठी एवढा पळाला, तिच्यावरच त्यानं हात टाकला होता.

दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटून आला तो थेट म्हशींच्या गोठ्यात जाऊन बसला. मी चार शिव्या तयार ठेवून माहेरी गेले होते. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "आक्का, मला कायबी आठवंना गं." माझ्या शिव्या तशाच राहिल्या.

मग आबांनी, आमच्या वडलांनी, रीत काढली. ड्रायव्हरच्या घरी, मुरगूडला, खेटे घालून त्यांना जेवायला आणलं. तांबडा-पांढरा रस्सा, भाकरी, सगळं केलं. भावानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. माणूस मोठ्या मनाचा. "ऊठ रं पोरा. माझाबी एक तुझ्याएवढाच हाय," म्हणाले. आई हळूच म्हणाली, "शर्ट दिला असता तर शिवून दिला असता." तर म्हणाले, "शर्ट पोलिसांनी ठेवून घेतलाय, वैनी." मग त्यांनी वाटी पुढं केली, रस्सा परत घेतला आणि आबांना म्हणाले, "जेवलो की पावणं, मिटलं." आबांनी डोळे पुसले. आम्ही सगळेच त्या दिवशी पोटभर जेवलो.

पुढं भरतीच्या चारित्र्य पडताळणीच्या वेळी साहेबांनी भावाला विचारलं, "काही गुन्हा वगैरे?" हा छाती काढून म्हणाला, "न्हाय, साहेब." आपण खोटं बोलतोय असं त्याला वाटलंच नाही. ड्रायव्हर जेवून गेला होता, मग गुन्हा कुठं राहिला? शिकलेली असून मलाही तसंच वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

यादीतून नाव गेलं. गुन्हा होता तो होता, वर लपवला. वकिलांकडं धावलो तर ते आबांवर उखडले. "साक्षीदाराला घरी जेवाय कोण घालतंय? आन् केस सरकारनं केलीया. तुमच्या घरात ड्रायव्हर जेवला, सरकार न्हाय जेवलेलं!" जिना उतरताना आबांनी पहिल्यांदाच माझ्या खांद्याचा आधार घेतला.

केस चालू राहिली आणि भावाचं भरतीचं वय सरलं. कोर्टात साक्षीला ड्रायव्हर उभे राहिले तेव्हा भाऊ एका गोडाऊनमध्ये कामाला लागला होता. आई माझ्याशेजारी बाकावर बसली होती.

"आमचं मिटलंय साहेब," ड्रायव्हर म्हणाले. "ह्यांच्या घरात जेवलोय मी."

"ते राहू द्या," न्यायाधीश म्हणाले. "हा शर्ट तुमचा आहे का, तेवढं सांगा."

शिपायानं पाकिटाचं सील फोडून शर्ट काढला आणि झटकून वर धरला. खिसा एका कोपऱ्यावर लोंबत होता. भाऊ आरोपीच्या जागेवरून त्या खाकीकडं बघत राहिला. पळायला जाताना दारातून मागं वळून बघायचा, तसाच अजून कोवळा दिसत होता.

"व्हय, माझाच," ड्रायव्हर खाली बघून म्हणाले.

आईचा हात सवयीनं बांगडीत अडकवलेल्या पिनेकडं गेला. पीन चाचपत ती माझ्या कानाशी पुटपुटली, "दोन टाक्यांचं काम व्हतं गं."