तेल पाजलेली मडकी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — की आता हात थरथरतात, कुणावर उगारता येत नाहीत म्हणून? कोण जाणे.

मारकुटा मास्तर होतो मी. सत्तरच्या दशकात टेंभुर्णीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. पोरं माझ्यापेक्षा माझ्या हातातल्या रुळाला जास्त ओळखायची. एका पोराचं नख मी फोडलं, तर दुसऱ्या दिवशी त्याचा बापच येऊन म्हणाला, अजून हाणा. हे गावाला ठाऊक आहे. कबूल करायचं ते वेगळंच आहे.

सुखदेव आमच्या प्रयोगशाळेत शिपाई होता — तात्पुरता, रोजंदारीवर. मॅट्रिक झालेला, बौद्धवाड्यातला, माझ्याच वयाचा. शाळेत वीज नव्हती, आणि विकतचे सेल महिन्यात संपायचे. तर या गड्यानं सेल घरी बनवले. काचेच्या बरणीत मोरचुदाचं निळं पाणी आणि तांब्याचा पत्रा. त्याच्या मधोमध कुंभाराकडून घडवून घेतलेलं पेल्याएवढं मडकं, त्यात मिठाचं पाणी आणि जुन्या टॉर्चच्या सेलातून काढलेलं जस्त. मातीतून ओल झिरपते, त्या वाटेनं वीज चालते. असे आठ सेल एकाला एक जोडले आणि खिळ्यावर तार गुंडाळून त्यानं सायकलच्या घंटीची विजेची घंटा केली. ती वाजली. मी बी.एस्सी. होतो. मला यातलं काही सुचलं नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण एकदा आठवीच्या वर्गात मी त्याचेच सेल जोडत होतो आणि घंटा काही वाजेना. मी पोरांना सांगून टाकलं की सेल उतरलेत. सुखदेव दारात उभा होता. खालच्या आवाजात म्हणाला, "सर, तिसऱ्या सेलची तार उलटी लागून राह्यली." त्यानं ती बदलली, घंटा वाजली, आणि पोरं हसली. त्याला नाही, मला. त्या दिवशी मी विनाकारण दोन पोरं बडवली. पण तेवढ्यानं काय होतंय? मला हाणायला तो हवा होता.

पुढं शिक्षण खात्याचे साहेब शाळा बघायला येणार असं ठरलं. मुख्याध्यापकांनी सुखदेवला शब्द दिला — साहेबांपुढं घंटा वाजव, तुला कायम करायची शिफारस करतो. घरी म्हातारी आई, दोन लेकरं, दुसरी मिळकत नाही. तो मला येऊन म्हणाला, "सर, वाजली तं मही भाकर पक्की झाली." विश्वासानं म्हणाला. आणि मी — हो, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

प्रयोग झाला की तो मडकी धुऊन उन्हात वाळवायचा. भरून ठेवली तर मातीत तांबं बसतं, हे त्याचं त्यानंच शोधलं होतं. साहेब यायच्या आदल्या दिवशी रविवार होता. भर दुपारी आठही मडकी व्हरांड्याच्या कठड्यावर तापत पडली होती.

आमच्या घरी दही लावायचं नवं मडकं आधी तेल पाजून घेतात. तापल्या मडक्याला करडीचं तेल चोळायचं, की माती ते पिते आणि मग थेंब झिरपत नाही. माझी आई दर उन्हाळ्यात करायची. मी घरून बाटली आणली आणि एकेक मडकं मांडीवर घेऊन आतून-बाहेरून तेल पाजलं, पुन्हा पाजलं, धोतरानं पुसून होतं तसं ठेवलं. मडकी आधीच निळ्या डागांची, कोण बघतंय? अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात एकदाही हात थांबला नाही माझा.

सोमवारी घंटा वाजली नाही. सुखदेवनं तारा तपासल्या, जस्त घासलं, पाणी बदललं. घामानं भिजला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग मी पुढं झालो. शाळेची इज्जत काढलीस, असं ओरडून त्याच्या कानाखाली रूळ हाणला. तो टेबलावर पडला, बरण्या फुटल्या. काचांवर आणि निळ्या पाण्यात तो गुडघ्यावर उठत होता, तेव्हा मी पुन्हा मारलं, त्याच कानावर. कानातून रक्त आलं. मुख्याध्यापकांनी मला मागून धरलं. त्यानं हात उचलला नाही, नुसता मडक्यांकडं बघत राहिला.

सगळ्यांना वाटलं, मास्तर तापट आहे, तोल गेला. खरं सांगू? मला राग आलाच नव्हता. मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. त्याला त्याच दिवशी काढून टाकलं, आणि नंतर तो कान कायमचा गेला.

चारेक वर्षांनी शहागडला बस थांबली, तर हायवेच्या कडेला तो ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करत बसलेला. मला बघून उठला, चहा सांगितला, चांगला कान माझ्याकडं करून बसला. खोक्यातून त्यानं मडकी काढली, पंधरा-वीस तरी असतील. पिंपळगावची माती, गोदेकाठची माती, राख घालून, भुसा घालून. इतकी वर्षं तो चूक शोधत होता.

"सर, तुम्ही शिकलेले. तव्हा नेमकं काय चुकलं असंल?"

सांगायचं होतं तर तेव्हाच ना? आम्ही दोघंच होतो.

"भाजणं कमी पडलं असेल. धुऊन-धुऊन माती विरली आणि छिद्रं बुजली," मी म्हणालो.

त्यानं बराच वेळ मान हलवली. मग म्हणाला, "मंग मह्याच हातचं झालं ते. कुंभाराच्या भट्टीपाशी मीच बसलो व्हतो. तुम्ही हाणलं ते बराबर हाणलं, सर."

मी हो म्हणालो. चहा संपवला आणि बसमध्ये जाऊन बसलो.