मंजूर नकाशातलं दार

माझ्या वडिलांनी माझ्या घरी कधी मुक्काम केला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आले, तेव्हा फडक्यात बांधून आणलेली भाकरी त्यांनी बाहेरच्या पायरीवर बसून खाल्ली आणि संध्याकाळच्या आत फुलंब्रीची गाडी धरली. लेकीच्या घरी बापानं राहायचं नाही, एवढंच ते म्हणायचे. मी त्यांना अण्णा म्हणायचे.

अण्णा गवंडी होते. फुलंब्रीजवळच्या आमच्या खेड्यात आणि शहरात मिळून त्यांनी किती घरं उभी केली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. आज मी शाळेत शिकवते ते त्यांच्या सिमेंटची घमेली उचलण्यावर, हे मी एक दिवस विसरलेली नाही.

आई गेल्यावर ते गावात एकटे राहिले. एकदा मोरीत घसरून पडले आणि शेजारीण ताक द्यायला येईपर्यंत तसेच पडून होते. मी एकुलती एक. "आता चला," म्हणून मी रडले. ते म्हणाले, "मागं जागा हाय ना तुझ्या? खोली बांध. दार बोळात पायजे अन् चूल माझी. तुझ्या शेजारी ऱ्हाईन. तुझ्या घरात नाय."

आमचं घर शहरात, हर्सूलकडच्या गुंठेवारीत आहे. शेताचे तुकडे पाडून विकलेली वस्ती. अर्ज करून, शुल्क भरून आम्ही आमचं घर नियमित करून घेतलं होतं. घराच्या मागे थोडी मोकळी जागा आणि तिच्यापलीकडे बोळ. यजमान म्हणाले, "बांधून टाकू. कोण बघतंय?" आमच्याच गल्लीत दोघांनी न विचारता बांधलं होतं. मला ते जमेना. घर नियमित झाल्याचं प्रमाणपत्र हातात आलं, त्या दिवशी मला स्वतःच्या छपराखाली असल्यासारखं वाटलं होतं. ते मला पुन्हा घालवायचं नव्हतं. परवानगी काढूनच बांधायचं, असं मी ठरवलं.

शहरातल्या शहागंजात कापडाच्या दुकानावर एका तरुण इंजिनिअरचं ऑफिस होतं. मी कागदांची पिशवी आणि अण्णांना घेऊन तिथं गेले. त्यानं नीट समजावून सांगितलं. मागची जागा सगळी बांधता येत नाही, ठरलेलं अंतर सोडावं लागतं. खिडकी मोकळ्या हवेवर उघडली पाहिजे. आणि मुख्य म्हणजे, खोलीला वेगळं स्वयंपाकघर दाखवलं आणि घराशी जोड ठेवली नाही, तर ते दुसरं बिऱ्हाड धरलं जातं. एवढ्याशा प्लॉटवर त्याला मंजुरी मिळणार नाही. म्हणून त्यानं आमच्या स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत जाणारं एक दार काढलं आणि खोलीवर 'शयनकक्ष' असं लिहिलं.

अण्णांना अक्षरं जेमतेम यायची, पण नकाशा ते माझ्याहून चांगला वाचत. त्यांनी त्या दारावर बोट ठेवलं.

"साहेब, हे काढा."

"चाचा, ये दरवाजा निकाला तो दो घर हो जाते," इंजिनिअर हसत म्हणाला. "कागजपे तो आप बेटीके घरमेंच रहते."

"त्याच कागदात ऱ्हायचं नाय मला."

"फिर क्या, चाचा, छतपे रहते?"

अण्णाही हसले, पण बोट उचललं नाही. जिना उतरताना मी त्यांना म्हटलं, "अण्णा, काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळू द्या. मग बुजवून टाकू ते दार." नियमानं चालायचं म्हणून मी इतकी अडून बसले होते, आणि नियम मोडायचा शब्द मीच दिला.

नकाशा ऑनलाइन चढवला, एक त्रुटी निघाली, ती दुरुस्त झाली, मंजुरी आली. खोली झाली. पाहणीला आलेल्या साहेबांनी फीत लावून अंतरं मोजली, आतल्या दारातून दोनदा ये-जा केली आणि मला म्हणाले, "बाबांची चांगली सोय केली तुम्ही." मी चहा आणायला आत वळले.

दाखला आला त्याच्या पुढच्या रविवारी अण्णा गावाहून थापी, ओळंबा आणि दोरी घेऊन आले. दुसरा गवंडी त्यांना नको होता. "माल मी कालवतो," म्हणाले, आणि बोळात बसून त्यांनी सिमेंट-रेतीचा तो माल कालवला. ते त्यांच्या खोलीत उभे, मी माझ्या स्वयंपाकघरात. मी विटा देत होते, ते लावत होते. आधी त्यांचे पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग छाती. वरच्या दोन ओळी उरल्या, तेव्हा त्यांनी थापी थांबवली आणि त्या फटीतून माझ्याकडं बघितलं.

"बाई, सांग अजून. माल ओला हाय तवर ईट निघती."

मला थांबवायचं होतं. पण आयुष्यभर ज्यांनी माझ्याकडं काही मागितलं नाही, त्यांनी ही एकच गोष्ट मागितली होती.

"लावा, अण्णा," मी म्हटलं.

दोन्हीकडून गिलावा त्यांनीच केला. रंग दिल्यावर दार कुठं होतं ते कोणालाही दिसलं नसतं.

ते सव्वा वर्ष तिथं राहिले. त्यांच्याकडं जायचं तर मला समोरच्या दारानं निघून, चार घरं ओलांडून मागच्या बोळात यावं लागायचं. मी वाटीत कालवण घेऊन गेले की ते आतून विचारायचे, "कोण पाव्हणी?" वाटी कधी रिकामी परत दिली नाही. चार शेंगा, गुळाचा खडा, काहीतरी असायचंच. रोज सकाळी ते थापीच्या मुठीनं भिंतीवर तीनदा ठोकायचे. मी पळीनं उत्तर द्यायचे. म्हणजे दोघंही उठलो.

त्या सकाळी ठोका आला नाही. किंवा आला असेल. डब्याच्या चटणीसाठी मी मिक्सर लावला होता. मिक्सर बंद केल्यावर मी पळीनं ठोकलं, पुन्हा ठोकलं, मग हाका मारल्या. बोळातल्या दाराला आतून कडी होती आणि ती अण्णांनी स्वतः बसवलेली, जाड लोखंडी. यजमानांनी पहार आणून दार उचकटेपर्यंत वेळ गेला. अण्णा आमच्या भिंतीच्या पायाशी पडले होते. अंग अजून गरम होतं. लवकर पोचलो असतो तर वाचले असते का, असं मी विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काही सांगता येत नाही. कदाचित लगेच गेले असतील." त्या 'कदाचित'पाशी मी अजून थांबलेली आहे.

त्यानंतर मला स्वयंपाकघरात उभं राहवेना. ओट्याशी पाठ करून काम करत असले की मागून कुणीतरी बघतंय, असं वाटायचं. वळून बघावं तर पांढरी भिंत. पोळ्या लाटताना हात आपोआप थांबायचा. शाळेतही कुणी बाकावर तीनदा टकटक केली की माझं वाक्य तुटायचं. काही महिन्यांनी यजमानच म्हणाले, "उघडू या ते दार. नकाशात आहेच."

जो मिस्त्री आला त्यानं भिंतीवरून हात फिरवला. "ताई, दार नेमकं कुठं व्हतं?" मला दाखवता येईना. शेवटी मंजूर नकाशा काढला, त्यावरून अंतर मोजलं आणि पेन्सिलीनं रेघा मारल्या. मिस्त्रीनं छिन्नी लावून गिलावा सोडवला. मग दुसरा घाव घालायला हातोडी उचलली आणि तशीच खाली ठेवली. तळव्यानं त्यानं एक वीट दाबली. ती आत सरकली. दुसरी हातानं काढली, तिसरी काढली. विटांना चिकटलेली रेती त्यानं बोटांत चोळून बघितली.

"सिमेंट नुसतं दाखवायपुरतं हाय ह्याच्यात," तो म्हणाला. "गिलावा तेवढा पक्का. कुणी बांधली ही? लई जाणता माणूस व्हता. बांधतानाच पाडायची सोय ठिवली. ताई, तुम्ही खांदा दिला असता तरी पडली असती."

भोकातून अण्णांची खाट दिसत होती.

गवंड्याच्या लेकीला एवढं कळेल, असं त्यांना वाटलं असावं. नाहीतर सांगू कधीतरी, म्हणून राहून गेलं असावं. त्या सकाळी मी याच भिंतीवर दोन्ही तळहात ठेवून त्यांना हाका मारल्या होत्या. मग तिच्याकडं पाठ फिरवून मी चप्पल शोधली, समोरच्या दाराची कडी काढली आणि चार घरांचा वळसा घालून बोळाकडं धावले होते.