मामीला काय आवडतं

आमच्या मामीइतकी स्वतःची कसून चौकशी करणारी बाई सबंध भिलाईत दुसरी सापडायची नाही. लोक शेजाऱ्यांची चौकशी करतात, मामी स्वतःची करते. भाजीवाल्याने "क्या दूँ?" विचारलं, की ती पिशवी खाली ठेवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "ठहरो भैया, पूछ रही हूँ." एकदा त्याने न राहवून विचारलं, "किससे?" मामी म्हणाली, "अपने आप से." तेव्हापासून तो तिचा नंबर शेवटी लावायचा.

हे खूळ मामाच्या रिटायरमेंटच्या दिवशी सुरू झालं. मामा स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचा. निरोप समारंभ आटोपून आम्ही सगळे दुर्गच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. वेटरने मामीला विचारलं, "आंटी, आपके लिए?" मामीने मामाकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग मेन्यूकडे. "जो सबके लिए, वही," मामाने परस्पर सांगून टाकलं. स्मृतीनगरला घरी आल्यावर ती मला हळूच म्हणाली, "पोरी, तीस वर्सं झाले सैपाक करून राहिली, अन् मले काय आवडते तेच मले माहीत नाही."

दुसऱ्या दिवसापासून तपास सुरू. रोज एक भाजी एकटीपुरती रांधून, पंख्याखाली बसून ती चवीचवीने खायची. कारलं नापास झालं. शेजारणीने दिलेली तिवऱ्याच्या कोवळ्या पानांची इकडची पालेभाजी पहिल्या घासात पास. लग्नकार्यात मिळालेल्या बारा निळ्या साड्या तिने वाटून टाकल्या, कारण निळा रंग तिला नाही, माझ्या थोरल्या मावशीला आवडायचा. एकदा तीच मावशी घरी आली आणि मामीने चहा घेतला नाही, तर मावशीने विचारलं, "कोन्या देवाचा उपास आहे व?" "उपास नाही. मले चहा आवडतच नाही. परवाच माहीत पडलं." मामा धास्तावला. म्हणाला, "आता तपासायचा मीच राहिलो." मामी शांतपणे म्हणाली, "तुमचं चालू आहे."

मी या सगळ्याला हसायची. माझी पाळी आली तेव्हा हसू थांबलं. मी चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, चार वर्षांपासून कुम्हारीच्या एका कारखान्यात तयार रंग तपासायची नोकरी करायची. घरच्यांच्या लेखी तो लग्न होईस्तोवरचा टाइमपास. नागपूरचं स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली, फक्त नोकरी सोडायची होती. होकार कळवायला आईने फोन हातात घेतला, तेवढ्यात आमच्याकडे आलेली मामी म्हणाली, "तिले कावून नाही विचारलं कोणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघालं, "मले माहीत नाही."

आई संतापली. मामी मात्र अशी खूश झाली, जणू मी बोर्डात पहिली आले. "बरोबर बोलली! आठ दिवस माह्या घरी पाठवा तिले. अन् तोवर कोणी काही विचारायचं नाही."

तिने स्वतःही विचारलं नाही. सल्ला नाही, टोमणा नाही. मी तिथूनच बसने कामावर जायची. सहाव्या दिवशी संध्याकाळी आल्या आल्या मी तिला सांगत सुटले, की हिरव्या रंगाच्या दोन घाण्यांमधला, म्हणजे दोन खेपांच्या मालातला फरक साहेबांनासुद्धा दिसला नाही, मला दिसला. अर्धा तास मी एकटीच बोलत होते. बोलता बोलता माझा आवाज माझ्याच कानांवर आला आणि माझं उत्तर मला कळलं. मामी म्हणाली, "जेवून घे माय."

आठव्या दिवशी बाबा न्यायला आले. मी नाही म्हणून सांगितलं. त्यांनी स्कूटर सुरू केली. चरोद्याकडे वळताना रेल्वेचं फाटक बंद होतं. बाबा मालगाडीचे गार्ड. गाडी दिसली की ओठांत डबे मोजायची त्यांची सवय. त्या दिवशी त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही. मागे वळून विचारलं, "तू तिथं नेमकं करते काय?" चार वर्षांत पहिल्यांदा. मी सांगत राहिले. फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी बाबांनी "मग?" म्हणून विचारलंच.

आई तीन महिने धड बोलली नाही. पुढे बोलायला लागली. मामी आता मुलाकडे पुण्याला असते. आम्ही फोनवर तब्येतीचं बोलतो, हवापाण्याचं बोलतो. फाटकाजवळची गोष्ट तिला सांगायची राहूनच गेली आहे. फोनवर सांगण्यासारखी ती नाही. मामी आली की शेजारी बसवून, तिचा हात हातात घेऊन सांगेन.