आभाराच्या पानावरचं माझं नाव

माझे गाइड नॉर्वेचे. किनाऱ्यावरच्या खेड्यात, मासेमाराच्या घरी जन्मलेले. तत्त्वज्ञानाची दोन पुस्तकं आणि एक कादंबरी लिहून सिंगापूरला आमच्या विद्यापीठात शिकवायला आलेले. आयुष्यभराचा विषय एकच: वचन. माणूस शब्द देतो म्हणजे नेमकं काय करतो, यावर ते तासन्‌तास बोलत आणि मी भारावून ऐकत बसे. मूर्ख होते मी.

बाबा गेले तेव्हा माझी थिसिसची तोंडी परीक्षा होती, म्हणून मी पुण्याला गेले नाही. दहाव्याला धाकट्या भावाचा घाटावरून फोन आला. पिंड ठेवून तास झाला होता, कावळा शिवत नव्हता. "ताई, तूच काहीतरी बोल. त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय." त्याने मोबाइल पिंडाजवळ धरला. मी म्हणाले, "बाबा, वर्षभरात परत येते. आईला मी सांभाळीन."

कावळा शिवला. माझ्यापुढे टेबलावर पीआरचा, म्हणजे सिंगापूरला कायमचं राहण्याचा अर्ज होता, सही करून ठेवलेला.

हे मी फक्त गाइडना सांगितलं, हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत कॉफी पिताना. त्यांनी कप खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं.

दोन वर्षांनी त्यांचं नवं पुस्तक आलं. आभाराच्या पानावर माझं नाव, आडनावासकट. मी हुरळून गेले आणि आत न बघताच एक प्रत घरी पाठवून दिली.

तिसऱ्या प्रकरणात सगळं होतं. कावळा, मोबाइल, सही केलेला अर्जसुद्धा. मी तरातरा त्यांच्या खोलीत गेले. "पण तिथे तुझं नाव कुठे आहे?" ते शांतपणे म्हणाले. "भारतातली एक विद्यार्थिनी, एवढंच लिहिलंय. आणि पुस्तकातलं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे ते." त्यांना खरंच काही कळत नव्हतं. कुणाला सांगणार नाही, असं वचन मी त्यांच्याकडून घेतलं नव्हतं ना. ज्याचा जन्म वचनाचा अर्थ लावण्यात गेला, त्याच्याकडून ते मागून घ्यायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

रविवारी आईचा फोन आला. भावाने तिला ते प्रकरण मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं होतं. मी गाइडच्या नावाने खडे फोडायला लागले. विश्वासघात, नीचपणा, काय काय बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"त्यांनी खोटं लिहिलंय का?" तिने विचारलं.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या वर्षी मी तुझी खोली रंगवून घेतली होती गं," ती म्हणाली.