दार नसलेली बँक

आमचे आण्णा तुळजापूरला पुजारी. पुण्यापासून हैदराबादपर्यंतची दीडशे घराणी त्यांच्या वहीत नाव, गाव, गोत्रासकट लिहिलेली आहेत, आणि त्यातल्या कुणाचाही फोन ते दुसऱ्यांदा वाजू देत नाहीत.

मी डब्लिनला नोकरीला लागले. पगार युरोत, लंडनच्या जादा कामाचे पैसे पौंडांत, घरी पाठवायचे ते रुपये. ही तिन्ही चलनं एकाच खात्यात ठेवू देणाऱ्या दोन ऑनलाइन बँका मी हेरल्या. दर दोन्हींचे सारखेच, आणि शाखा एकीलाही नाही. व्हिडिओ कॉलवर हे ऐकून आण्णा भडकले.

"जिला दार न्हाय ती कसली बँक? अडलं-नडलं तर जायचं कुठं?"

मीही चिडले. "तुमचे यजमान कुठं रोज दारात येतात? फोन करतात, पैसे पाठवतात, तुम्ही अभिषेक करता. ते भरवसा ठेवतातच ना?"

आण्णा म्हणाले, "व्हय की. लाव दोन्हीकडं फोन, मला ऐकू दे."

पहिलीकडं नुसतं यंत्रच बोलत राहिलं. दुसरीकडं एक बाई बोलल्या आणि त्यांनी माझ्या सगळ्या शंका मिटवल्या.

"हीच घे," आण्णा खूश होऊन म्हणाले. "आन् त्यांचं नाव, गाव विचार."

बाईंनी हसत हसत दोन्ही सांगितलं.

नवरात्रात घरी गेले, तेव्हा आण्णांची वही सहज उघडली. शेवटची नोंद त्यांच्या वळणदार अक्षरात होती: 'नोरा, मुक्काम कॉर्क. गोत्र विचारायचं राहिलं.'