पोशाची खोड

पोशा निरगुड्याला सेटवर आणू नका, असं मला तिघांनी बजावलं होतं. त्यांचं ऐकलं असतं तर आज मी तुरुंगात असतो.

माझा धंदा सेटिंगचा. पळसदरीकडे ऐतिहासिक मालिकेचं शूटिंग चालतं, तिथं झोपड्या नि मांडव मी उभे करतो. पोशा कशेळ्याच्या वरच्या ठाकरवाडीतला, साठीचा गडी. कारवीच्या काठ्यांची भिंत बांधावी तर त्यानंच. पण मेल्याला खोड एकच, चूक दिसली की बोलणारच, मग समोर डायरेक्टर असो नायतर मालिकेतला राजा. "शेट, ही घाणेरीची झाडी त्या काळी कुठं होती? ही तं गोऱ्या सायबाच्या मागनं आली. आन् त्या बाईच्या डोईवर मघाशी मोळी होती, आता पाटी कशी?" मी खेकसायचो, "पोशा, तोंडाला कुलूप लाव!" दोन मिनिटं गप्प, की परत सुरू.

त्या दिवशी गाव जाळायचा सीन होता. खरं तर दुसऱ्या दिवशीचा, पण आभाळ भरून यायला लागलं म्हणून आजच उरकायचं ठरलं. जळत्या झोपडीत अडकणारी बाई होणार होती पोशाचीच लेक, चिमा. मी तेव्हा पेंढा आणायला कशेळ्याला गेलो होतो. आगीचं काम बघणाऱ्या सुनीलनं माझ्या माघारी झोपडीची मागली भिंत एका अंगानं सोडून ठेवली. पुढचं छप्पर पेटलं की चिमानं तिथून निसटायचं. हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

टेंपोतून उतरतो तोच पोशा हजर. "शेट, मागली भिंत उघडी दिसते. सकाळच्या शूटिंगला बंद होती."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, याची किरकिर एकदाची मिटवू. तो पाणी प्यायला गेला तेवढ्यात बायंडिंगची तार घेतली नि बाहेरून दोन पीळ दिले. चांगले पक्के दिले.

ॲक्शन झालं. चिमा धावत झोपडीत शिरली. मशाल लागली नि वाळका पेंढा भडाभडा पेटला. आम्ही दोघं बाजूला उभे होतो. पोशा माझ्या कानाशी कुजबुजला, "शेट, चुकलं बघा."

"गप रं!"

"नाय पन, मागं तार चमकते. त्या काळी तार कुठली? आमी दोरानं बांधतो, आन् गाठ आतून मारतो. बाहेरची गाठ पावसात कुजते. ही बाहेरून कोनी मारली?"

तिकडे सुनील ओरडत होता, "चिमाबाई, निघा आता! मागून निघा!"

मागून! मी मागल्या भिंतीकडे पाहिलं. भिंत आतून हलत होती, कोणीतरी ती जिवाच्या आकांतानं ढकलत होतं, नि माझी तार ढिली पडायला तयार नव्हती.

"पोशा, तार मी बांधली!" मी बोंबललो. "पोरगी आत कोंडली!"

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. कमरेच्या आकडीतला कोयता उपसून तो कॅमेऱ्यासमोरून धावला. तारेच्या नादाला लागलाच नाही, सरळ कारवी तोडली. तीन घाव घातले नि भोकातून चिमाला दंडाला धरून ओढलं. तिचे केस होरपळले होते, खोकून खोकून जीव जात होता. ती बाहेर आली नि छप्पर बसलं.

"शॉटमध्ये कोण घुसलं?" डायरेक्टर किंचाळत आला.

"साहेब, तार मी बांधली होती," मी म्हणालो. पोशा लेकीच्या तोंडावर पाणी मारत होता. त्यानं मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

महिन्याभरानं तो भाग लागला. मी मुद्दाम वाडीवर गेलो. चिमाच्या कानामागं केस अजून उगवले नव्हते. टीव्हीवर झोपडी आली, चिमा आत धावली. त्या लोकांनी तोच तुकडा ठेवला होता. मागल्या भिंतीवर तार लखकन चमकली. मला दिसली म्हणजे पोशाला दिसलीच असणार. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. बोल की रं बाबा, एकदा बोल. पण तो लेकीच्या कानामागं बघत होता.

शेवटी माझ्याच्यानं राहवेना. "पोशा, तिथं चूक राहिली बघ."

"दिसली, शेट," तो म्हणाला. "चिमा, बंद कर गं तो टीव्ही."