रिकामी पाटी

"रिकाम्या डोक्यानं चालाया मी काय येडी हाय?" असं म्हणून मावशी डोक्यावर चुंबळ ठेवायची, चुंबळीवर मासळीची पाटी, आणि मगच पाऊल उचलायची. पाटीत काहीही नसायचं.

ही आमच्या शेजारची कोळीण. ऑपरेशन करून तिच्या फुप्फुसाचा एक तुकडा काढला होता. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, हळूहळू वाढवा, दम लागला की थांबा, ओझं मात्र उचलू नका. तिची सून रबाळ्याला कंपनीत जायची. ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही जरा सोबत जाल का?" मला कुणाला नाही म्हणता येत नाही. तिथंच फसले.

मावशीचा सगळा धंदा दारोदार ओरडून. आता 'जिताडा' एवढं एका माशाचं नाव घेतानाच तिचा श्वास तुटायचा. "हाक गेली तं मी कोन गो?" असं एकदाच म्हणाली. पुन्हा तो विषय नाही.

आता तुम्हीच सांगा, कोळणीच्या डोक्यावर पाटी दिसली तर बायका गप्प बसतील का? खिडकीखिडकीतून सुरू, "मावशी, काय आणलंय?" काही नाही, आजारी आहे, असं सरळ सांगावं की नाही? छे! "उद्या आनते. जिताडा. तुला मोठा ठेवते." मग भाव ठरणार. मग घरच्यांची चौकशी.

"मावशी, चला ना."

"डाक्टरनं सांगलंय, चालताना बोलता आला पायजे."

"उभं राहून बोलायला नाही सांगितलं!"

"तू गप. डाक्टर तू हायस का?"

दुसऱ्या दिवशी त्या बायका मला धरायच्या. "कुठाय जिताडा? पाहुणे येऊन बसलेत आमच्याकडे!" मी चारचौघांत मान वर न करणारी. घाम फुटायचा. उद्यापासून जायचंच नाही, असं ठरवून झोपायचे. सकाळी दारावर थाप. "चल गो बाय, गिऱ्हाइकं खोलंबलीत."

पहिल्यांदा गल्ली संपेपर्यंत ती दोनदा टेकायची. मग एकदाच. रागाच्या भरात माझ्या ध्यानातच आलं नाही, की पुढेपुढे "मावशी, थांबा" असं मीच मागून म्हणत होते.

डॉक्टरांनी थोडं वजन उचलायला परवानगी दिली, आणि एक दिवस दारावर थाप पडली नाही. बाहेर आले तर मावशी गल्लीत, पाटी खाली उतरवून बसलेली. जिला जे कबूल केलं होतं, ते तिला देत होती. एकीलाही विसरली नाही. सगळ्यात मोठा तुकडा तिने मला कबूल केला होता. मी ताट घेऊन गेले. पाटीत बर्फाचं पाणी तेवढं उरलेलं.

"तुला उद्या," मावशी म्हणाली.

मला उद्या! एवढी बोलणी खाल्ली ती मी, आणि मलाच उद्या! तिने पाणी ओतलं, पाटी डोक्यावर घेतली आणि वळणाआड गेली. मी ताट धरून उभी.

तिकडून हाक आली, "जिताडा घ्या गो, निवट्या घ्या, कोलंबीऽऽ!"

पाटीत काही नव्हतं. हाक मात्र सगळी एका दमात.